पाण्याची पाळी आणि आप्पांचा आवाज

बरेच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त लोह्याच्या मंडळींचं. हळदीच्या रात्री आप्पांचं गाणं स्पीकरवर लागलं तेव्हा शब्दन् शब्द कळत होता, आणि त्याच्या आठ दिवस आधी तेच गाणं घरी ऐकवलं तेव्हा काहीच कळत नव्हतं. "मधल्या मधी काय केलंत?" असं तिघाचौघांनी फोनवर विचारलं. फोनवर सांगायला गेलो तर "कंप्रेसर" हा शब्द ऐकून काकूंनी विचारलं, "बोअरचा का?" तेव्हा ठरवलं, की हे लिहूनच काढावं. माझ्यासारखे जे नोकरी सांभाळून रात्री कॉम्प्युटरवर गाणी जुळवत बसतात, त्यांनाही यातलं काही उपयोगी पडेल. शिवाय मला यात एक मतही मांडायचं आहे. ते शेवटी येईलच.

आधी आप्पा. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. कोरडवाहू शेती, त्यात एक विहीर, आणि खंडोबावर जीव. लोहा तालुक्यातलं माळेगाव खंडोबाच्या यात्रेसाठी सगळ्या मराठवाड्याला माहीत आहे. मार्गशीर्षात, येळवसच्या सुमाराला ती भरते. घोड्यांचा, गाढवांचा बाजार, लावणीचे फड, आणि देवाची पालखी. आप्पांनी ही यात्रा कधी चुकवली नाही. घरात लग्न झालं की जागरण ठरलेलं. वाघ्या-मुरळी यायचे, आणि आप्पा त्यांच्या मागे बसून झील धरायचे. स्वतः पुढे होऊन गायचं नाही असा त्यांचा नेमच होता. तो एकदाच मोडला, 2014 साली, धाकट्या चुलतभावाच्या लग्नानंतरच्या जागरणात. वाघ्याने आग्रह केला आणि आप्पा एकटे गायले. मी मोबाइल मांडीवर ठेवून ते रेकॉर्ड केलं. साडेचार मिनिटं. मागे दिमडी, तुणतुणं, दूरवर जनरेटरची घरघर, आणि मध्ये एकदा आप्पांचा खोकला.

आप्पा 2020 साली गेले. गाणारे आप्पा म्हणून आमच्याकडे एवढंच आहे.

यंदा त्यांच्या नातीचं लग्न ठरलं. तिचा भाऊ, म्हणजे माझा पुतण्या, नांदेडला शिकतो आणि एफएल स्टुडिओवर गाणी करतो. त्याच्या डोक्यात आलं, की आजोबांच्या आवाजावर किक, बेस चढवून हळदीला वाजवायचं. मला म्हणाला, "काका, तुम्ही बी काहीतरी भरा ना मागं." मला कोण आनंद! मी पुण्यात बसून हार्मोनियमसारखा एक भरदार पॅड आणि वर व्हायोलिनचा एक थर करून पाठवला. (पॅड म्हणजे मागे सतत वाजत राहणारा लांब सूर.) त्याने सगळं एकत्र केलं. दिमडीचा ठेका मिनिटाला 118 च्या आसपास होता, तो किंचित ताणून 120 वर बसवला, आणि मी लोह्याला गेलो तेव्हा ओसरीवर सगळ्यांना ऐकवलं.

पोरं नाचायला लागली. काकू शेवटपर्यंत गप्प बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "गाणं भारी हाय. पण ह्यांचा आवाज कुठं गेला?"

पुतण्याने ताबडतोब आप्पांचा आवाज वाढवला. मग किक बारीक वाटायला लागली म्हणून किक वाढवली. मग बेस. मग माझा पॅड. पंधरा मिनिटांत सगळं पुन्हा होतं तिथेच आलं, फक्त जास्त मोठ्याने. भाऊबंदकीत बांध कोरतात तसं. तू एक वीत कोरलास, मी दीड कोरतो.

आता थोडं शास्त्र, कंटाळा करू नका. दोन आवाज एकाच पट्ट्यात असले की मोठा आवाज लहान आवाजाला कानातच झाकून टाकतो. लहान आवाज हवेत असतो, रेकॉर्डिंगमध्ये असतो, पण आपल्याला ऐकू येत नाही. 1924 साली वेगेल आणि लेन या दोन अमेरिकन संशोधकांनी हे मोजून दाखवलं. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की खालचा जाड आवाज वरच्या बारीक आवाजाला जितका झाकतो तितका वरचा खालच्याला झाकत नाही. कारण कानाच्या आतल्या शंखासारख्या नळीत बारीक आवाजांची जागा दाराशी आणि जाड आवाजांची आत टोकाला असते. जाड आवाजाची लाट आत जाताना दाराशी बसलेल्यांना हलवूनच जाते. आणि आवाज जितका मोठा, तितकं हे झाकणं जास्त पसरतं. म्हणजे सगळंच वाढवलं की शब्द अधिक बुडतात. शब्द कळतात ते बरेचसे व्यंजनांवरून, आणि स, श, च, ट यांची धार साधारण 2000 हर्ट्झच्या वर असते. ती गेली की आप्पा नुसते हंबरल्यासारखे वाटतात.

मी लगेच निदान करून टाकलं. "तुझा बेस काढ. हे डीजेचं खूळ आहे, आवाज त्यानंच खाल्लाय." पुतण्या काही बोलला नाही. त्याने फक्त बेस आणि किक बंद करून गाणं लावलं. आप्पा तरीही नीट ऐकू येत नव्हते. मग त्याने बेस आणि किक चालू करून माझा पॅड आणि व्हायोलिन बंद केलं.

आप्पा समोर येऊन बसले.

मला जे वाटलं ते लिहीत नाही. पण गोष्ट सरळ होती. त्याची किक 50-60 हर्ट्झवर धडकत होती, बेस तिच्या आसपास. माणसाच्या आवाजाचा पायाच मुळी साधारण 100 हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. ओसरीवरच्या बेताच्या आवाजात त्या दोघांचा आप्पांना फारसा त्रास नव्हता. माझा हार्मोनियम मात्र 300 पासून 3000 पर्यंत, म्हणजे आप्पांच्या बरोबर मांडीवर बसला होता. त्यावर व्हायोलिन. शोभा म्हणून मी जे भरलं त्यानेच गाणारा झाकला.

तिथून खरं काम सुरू झालं. आमच्याकडे दोन हत्यारं होती, इक्यू आणि साइडचेन कंप्रेशन. नावं अवघड आहेत, पण शेतकऱ्याच्या घरात दोन्ही गोष्टी रोजच्याच आहेत. इक्यू म्हणजे वाटणी. साइडचेन म्हणजे पाण्याची पाळी.

वाटणीत काय होतं? जमीन मोजायची, बांध घालायचा, हे तुझं, हे माझं. इक्यूने आवाजाच्या पट्ट्यातला कुठलाही तुकडा कमी-जास्त करता येतो. आप्पांच्या रेकॉर्डिंगमधून आम्ही 90 हर्ट्झच्या खालचं काढून टाकलं. तिथे त्यांचं काही नव्हतंच, जनरेटर होता. माझ्या पॅडचं 200 च्या खालचं काढलं, कारण ती जागा बेसच्या शेजारची. आणि पॅडमध्येच 2500 च्या आसपास चार डेसिबलचा खड्डा केला, म्हणजे व्यंजनांना वाट मिळाली. लक्षात घ्या, आप्पांचा आवाज कुठेच वाढवला नाही. हे नव्याने शिकणाऱ्यांना मी मुद्दाम सांगतो. ज्याचं ऐकायचं आहे त्याला वाढवण्याआधी, त्याच्या वाटेत कोण बसलंय ते बघा.

पण वाटणीची एक अडचण आहे. ती कायमची असते. आप्पा गात असोत की श्वास घेत असोत, माझ्या पॅडमधला खड्डा तसाच. अजून खोल केला तर शब्द आणखी स्वच्छ व्हायचे, पण पॅड पत्र्याच्या डब्यासारखा वाजायला लागला. मी पाहिलेली बरीच होतकरू मंडळी इथेच फसतात. प्रत्येक वाद्याचं इकडून काप, तिकडून काप. शेवटी सगळं वेगवेगळं ऐकू येतं आणि एकाही वाद्यात जीव राहत नाही. वाटण्या होऊन होऊन ज्याच्या वाट्याला दीड एकर आलं, त्याचं जे होतं तेच.

आता पाळी. आमच्या विहिरीवर तिघांचा हक्क होता. विहीर काही तीन भागांत चिरता येत नाही. आज तुझी पाळी, उद्या माझी. तुझी असेल तेव्हा माझी मोटर बंद, आणि तुझं भिजलं की पुन्हा सगळं पाणी माझं. साइडचेन हेच करतं. साधा कंप्रेसर स्वतःचाच आवाज ऐकतो, आणि तो ठरावीक रेषेच्या वर गेला की दाबतो. 4 ला 1 असं प्रमाण ठेवलं तर रेषेच्या वर 4 डेसिबल गेलेला आवाज 1 डेसिबलवर येतो. साइडचेनमध्ये कंप्रेसर बसतो एकावर आणि कान देतो दुसऱ्याकडे. बेसवर बसवला, कान किककडे. किक आली की बेस क्षणभर मागे सरतो, किक गेली की परत जागेवर. मिनिटाला 120 ठोके म्हणजे दोन किकमध्ये अर्धा सेकंद. बेस परत यायला आम्ही साधारण 150 मिलिसेकंद दिले. तो परत येईपर्यंत पुढची किक आलीच, तर बेस कायमचा दबून राहतो. उलट फार झटकन आला तर टिकटिक ऐकू येते.

ही पाळी मुद्दाम ठसठशीत ऐकवायची असाही एक प्रकार आहे. एरिक प्रिड्झचं 2004 सालचं 'कॉल ऑन मी' ज्यांनी ऐकलंय त्यांना तो श्वास घेतल्यासारखा हेलकावा आठवेल. पुतण्याला तो आवडतो. नाचायला चांगला आहे, माझी काही तक्रार नाही.

मग तीच युक्ती माझ्या पॅडवर. कंप्रेसर पॅडवर, कान आप्पांकडे. आप्पांनी तोंड उघडलं की पॅड चार-पाच डेसिबल खाली, आप्पा थांबले की वर. इथे परत यायचा वेळ 300 मिलिसेकंद ठेवावा लागला, कारण कमी ठेवला तर दोन अक्षरांच्या मधल्या फटीतही पॅड डोकं वर काढायचा. आता इक्यूचा खड्डा निम्मा केला तरी चाललं. पॅड पुन्हा भरदार झाला आणि आप्पाही दिसायला लागले. म्हणून माझं मत असं झालंय, की आधी पाळी लावून बघावी आणि उरेल तेवढीच वाटणी करावी. बरेच जण उलट करतात. मीही करायचो.

पाळी सगळीकडे चालत नाही हेही सांगतो. दोन्ही आवाज सतत वाजत असतील तर पाळी कोणाला देणार? व्हायोलिन आप्पांच्या बरोबरीने ओळीभर वाजत होतं. ते शेवटी काढूनच टाकलं. मला वाईट वाटलं, चार रात्री घालवल्या होत्या त्यावर. पण काढल्यावर त्याची आठवणही कुणाला आली नाही.

एका गोष्टीवरून मात्र आमची खरी वादावादी झाली. पुतण्या म्हणाला, आप्पांचा आवाज दिमडी-तुणतुण्यातून वेगळाच काढू. आता हे जमतं. डीझर कंपनीने 2019 साली स्प्लीटर नावाची प्रणाली फुकट खुली केली तेव्हापासून असली साधनं घरोघरी आली आहेत. त्याने करून दाखवलं. खरोखरच नुसते आप्पा. पण आवाज पाण्याखालून आल्यासारखा, आणि खोकला गायब. तो म्हणाला, "क्लीन आहे ना काका."

मी त्याला मूळ रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकायला लावलं. म्हटलं, फक्त दिमडीकडे लक्ष दे. आप्पा ओळ उचलतात तेव्हा वाघ्या काय करतो ऐक. थाप हलकी होते, बोटांवर येते. ओळ संपली की दिमडी पुन्हा मोकळी, झील वर, आणि आप्पांनी श्वास घेतला की परत खाली. त्या वाघ्याला रेषा, प्रमाण, मिलिसेकंद काही माहीत नव्हतं. त्याचे कान आप्पांकडे होते, एवढंच. आपण रात्रभर बसून जे लावतोय ते या साडेचार मिनिटांत आधीच झालेलं आहे. यातून आप्पा सुटे काढले तर त्यांना जागा देणारा माणूस आपण फेकून देतोय. मग ती जागा आपल्यालाच परत बनवावी लागेल, आणि आपली तितकी चांगली होणार नाही.

त्याने दोनदा ऐकलं. मग सुटा केलेला आवाज पुसून टाकला, आणि मूळ रेकॉर्डिंग सबंध ठेवून फक्त आपण चढवलेलं सगळं त्याच्या खाली घेतलं. खोकलाही राहिला.

यंत्रं कमी असतात तेव्हा ही जागा सोडायची सवय आपोआप लागते, असं मला वाटतं. मुंबईचे चरणजित सिंग आठवतात. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारा माणूस. 1982 साली त्यांनी तीन यंत्रं घेऊन दहा रागांचा डिस्को ठेक्यावरचा एक अल्बम केला. ठेक्याला टीआर-808, बेसला टीबी-303, रागाला ज्युपिटर-8. तेव्हा तो फारसा कुणी घेतला नाही. 2010 साली परदेशात पुन्हा निघाला तेव्हा लोक थक्क झाले, कारण शिकागोत ज्याला पुढे अ‍ॅसिड हाउस म्हणाले तसलं काहीतरी या माणसाने मुंबईत आधीच करून ठेवलं होतं. 2015 मध्ये ते वारले. तो अल्बम ऐकाल तर लक्षात येईल, तिथे कुणीच कुणाच्या मांडीवर बसलेलं नाही. ठेका खाली, बेस त्याच्या वर धावणारा, राग सगळ्यांच्या वर. मध्ये मोकळं आवार. माझ्यासारखा "मागे काहीतरी भरा" म्हणणारा तिथे कुणी नव्हता!

आता हळदीची रात्र. स्पीकरवाल्याने भिंत उभी केली होती. आम्ही गाणं दिलं आणि त्याने सवयीने सगळी बटणं वर नेली. झालं, आप्पा पुन्हा गडप. पुतण्या धावत गेला. त्या मिक्सरवर शेवटी एक लिमिटर असतो, आवाज हाताबाहेर गेला की तो सगळंच एकदम दाबतो. लाल दिवा पेटलेला होता. म्हणजे प्रत्येक किकला सगळं गाणं खाली, त्यात आप्पाही खाली. आम्ही लावलेली पाळी बरोबर उलटी झाली होती. पुतण्याने त्याला मुख्य आवाज खाली घ्यायला लावला, लाल दिवा विझेपर्यंत. तो म्हणाला, "दादा, मजा येणार नाही." पुतण्या म्हणाला, "एकदा ऐक तर."

डीजेला शिव्या देणारे लेख मीही लिहिलेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर लावायचा नाही, राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, हे 2000 सालच्या नियमांत लिहिलेलं आहे, आणि ते पाळलं जावं असं माझं आजही मत आहे. पण आमच्या पोरांना बेस आवडतो म्हणून आपली जुनी गाणी मरतायत, हे जे मी म्हणत आलो, ते मागे घेतो. आप्पांना बेसने झाकलं नव्हतं. ओसरीवर मी झाकलं होतं, आणि मांडवात लाल दिव्याने. बेस शेवटपर्यंत होता, छातीत वाजत होता, पोरं नाचत होती. त्यातून आप्पांचा शब्दन् शब्द येत होता.

काकू खुर्चीवर होत्या. खोकल्याच्या जागी त्यांनी पदर तोंडाला लावला. गाणं संपल्यावर पुतण्याला हाताने खुणावलं, पुन्हा लाव. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा पावणेदहा झाले होते. मग बंद.

असो. लोह्याच्या मंडळींना एक विनंती. जागरणाची, यात्रेची जुनी रेकॉर्डिंग कुणाच्या फोनमध्ये असतील तर मला हवी आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ तसाच पाठवला तर तो दाबून पाठवला जातो, म्हणून डॉक्युमेंट करून पाठवा, नाहीतर येळवसला येईन तेव्हा पेन ड्राइव्हमध्ये द्या. आणि दिमडीचा आवाज फार येतो म्हणून कुणी काही कापू नका. मी बघतो.